अँजायना आणि हृदयविकाराचा धोका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अँजायना म्हणजे हार्ट अ‍ॅटॅकच ना?

नाही, पण दोघांचं मूळ एकच. हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त लागतं आणि ते करोनरी रक्तवाहिन्यांतून येतं. या वाहिन्यांच्या आतल्या भिंतीत चरबीचा थर साठून त्या अरुंद झाल्या, की श्रमाच्या वेळी स्नायूला पुरेसं रक्त मिळत नाही. छाती आवळल्यासारखी होते, जड वाटते. थांबलं, बसलं की काही मिनिटांत ओसरतं. हा अँजायना. अ‍ॅटॅकमध्ये वाहिनी गुठळीने अचानक बंद होते आणि स्नायू मरायला लागतो.

विल्यम हेबरडेन या लंडनच्या डॉक्टरांनी १७६८ मध्ये अँजायनाचं वर्णन केलं होतं. चालताना येतो, चढावर आणि जेवणानंतर जास्त, आणि माणूस थांबला की जातो. अडीचशे वर्षांनंतरही पेशंट समोर बसला की आम्ही डॉक्टर पहिले प्रश्न हेच विचारतो.

छातीत दुखतंय ते पित्ताचं की हृदयाचं, घरी कसं ओळखायचं?

खात्रीने ओळखता येत नाही. तसा प्रयत्नही करू नये, कारण ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा पीत बसलेल्या माणसांचे तास वाया जातात. तरी काही खुणा सांगतो. हृदयाचं दुखणं बोट ठेवून दाखवता येत नाही. माणूस अख्खा तळहात किंवा मूठ छातीवर ठेवतो. दुखणं डाव्या हातात, खांद्यात, जबड्यात किंवा पाठीत जातं. कधी वरच्या पोटात दुखतं आणि नेमकं तेच पित्तासारखं वाटतं. जिना चढताना येतं आणि थांबल्यावर जातं, असं दोनदा झालं तरी डॉक्टरांकडे जा.

बसल्याजागी आलं, झोपेतून जागं केलं, घाम फुटला, मळमळलं, किंवा नेहमीपेक्षा जास्त वेळ टिकलं, तर १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

मला कसलाच त्रास नाही. ईसीजीही नॉर्मल आहे. मग काळजी कशाला?

सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

श्रमाच्या वेळी छातीत दुखायला लागण्यासाठी वाहिनी साधारण ७० टक्के बंद व्हावी लागते. म्हणजे अँजायना हे बरंच उशिरा दिसणारं लक्षण आहे. त्याआधी वीस-तीस वर्षं भिंतीत थर साठत असतो आणि त्या काळात काहीही जाणवत नाही. ईसीजी त्या क्षणाची विद्युत नोंद घेतो. आरामात झोपवून काढलेला ईसीजी मोठं ब्लॉकेज असतानाही नॉर्मल येऊ शकतो.

दुसरी गोष्ट आणखी गैरसोयीची. अनेक हार्ट अ‍ॅटॅक फार मोठ्या ब्लॉकेजमुळे येतच नाहीत. ४०-५० टक्क्यांचा, मऊ, चरबीने भरलेला थर अचानक फाटतो, शरीर त्याला जखम समजतं आणि तिथे गुठळी धरते. म्हणून मागच्या महिन्यात स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) नीट झालेला माणूस या महिन्यात अ‍ॅटॅक घेऊन येतो आणि नातेवाईक म्हणतात, ‘त्याला तर काहीच नव्हतं.’ पण बीपी १५०, शुगर सीमेवर, पोट सुटलेलं, दिवसाला चार सिगारेटी, एवढं सगळं असतं. फक्त दुखत नसतं.

हे जोखीम घटक कोणी आणि कसे ठरवले?

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रेमिंगहॅम नावाचं एक गाव आहे. तिथल्या ५,२०९ निरोगी स्त्री-पुरुषांची १९४८ पासून ठरावीक काळाने तपासणी सुरू झाली आणि पुढे कोणाला हृदयविकार होतो ते पाहिलं गेलं. तोवर बीपी वाढणं हा वयाचाच भाग मानला जाई. वाढलेलं बीपी, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान आधी असतात आणि आजार नंतर येतो, हे या अभ्यासातून दिसलं.

‘ते गोऱ्या लोकांचं झालं’ ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात मिळतं. डॉ. सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखालच्या या अभ्यासात भारतासह ५२ देशांतले लोक होते. पहिल्या हार्ट अ‍ॅटॅकच्या जोखमीपैकी पुरुषांत ९० टक्के आणि स्त्रियांत ९४ टक्के वाटा नऊ गोष्टींशी जोडलेला निघाला: तंबाखू, रक्तातली बिघडलेली चरबी, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, भाज्या-फळं कमी खाणं, व्यायामाचा अभाव आणि दारूचं प्रमाण. दक्षिण आशियात पहिला अ‍ॅटॅक सरासरी वयाच्या ५३ व्या वर्षी येतो, इतरत्र जवळपास ५९ व्या, हेही त्याच माहितीतून पुढे आलं. कारणं तीच, आपल्याकडे ती लवकर गोळा होतात.

थोडं बीपी, थोडी शुगर, अधूनमधून सिगारेट. एवढ्याने काय होणार?

हे घटक एकमेकांत मिळवले जात नाहीत, गुणले जातात. इंटरहार्टमध्ये धूम्रपानाने अ‍ॅटॅकची शक्यता सुमारे २.९ पट, मधुमेहाने २.४ पट आणि उच्च रक्तदाबाने १.९ पट वाढलेली दिसली. तिन्ही एकाच माणसात असतील तर ती १३ पट होती. रक्तातली चरबीही बिघडलेली असेल तर ४० पटींच्या वर.

याची उलट बाजू मात्र दिलासा देणारी आहे. चारपैकी एक जरी काढला तरी अख्खा गुणाकार खाली येतो. सगळं एकदम सुधारायची गरज नाही.

मी बारीक आहे. मला कशाला होईल?

या प्रश्नाचं उत्तर पुण्यातूनच आलं आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं सगळ्याच मापांनी लहान होती, पण कातडीखालची चरबी त्या मानाने कमी नव्हती. कमी पडला होता तो स्नायू. म्हणजे दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार.

याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! काट्यावर दोघं सारखेच.

म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. त्याहून उपयोगी म्हणजे कंबरेचा घेर: पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत. टेप शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून धरायची. ‘माझी पँट ३४ ची आहे’ हे माप नव्हे. पँट पोटाच्या खालून जाते.

वडिलांना अ‍ॅटॅक आला होता. मलाही येणारच का?

येणारच असं नाही. वडील किंवा भावाला वयाच्या ५५ च्या आत, किंवा आई-बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर तुमचा धोका जास्त धरतात. आजोबांना ८२ व्या वर्षी झाला असेल तर त्याला आनुवंशिक म्हणून घाबरू नका.

अशा घरांत लायपोप्रोटीन-ए (रक्तातून चरबी वाहून नेणारा एक कण) ही रक्ततपासणी आयुष्यात एकदा करावी. ते बहुतांशी जनुकांवरच ठरतं, आहाराने फारसं हलत नाही आणि ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका वाढतो. ‘मग बदलता येत नाही तर तपासायचं कशाला?’ कारण ते जास्त असलं की बाकीचे आकडे जास्त कडकपणे सांभाळावे लागतात. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये (रक्तातल्या चरबीच्या तपासणीत) ते नसतं, वेगळं सांगावं लागतं.

सिगारेट दिवसाला एकच ओढतो. आणि तंबाखू खाल्ल्याने हृदयाला काय होतं?

एका सिगारेटने वीस सिगारेटींच्या विसाव्या हिश्शाएवढाच धोका होत असेल, हा हिशोब चुकतो. दिवसाला वीस ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा जो वाढीव धोका असतो, त्याच्या जवळपास निम्मा एकच ओढणाऱ्यालाही असतो. धुरामुळे वाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होते आणि रक्त गुठळी धरायला तयार होतं. त्यासाठी फार धूर लागत नाही. बिडी सिगारेटपेक्षा सौम्य नाही.

खाण्याच्या तंबाखूबद्दल आपल्याकडे लोक फक्त तोंडाच्या कॅन्सरला घाबरतात. इंटरहार्टमध्ये नुसता तंबाखू चघळणाऱ्यांतही अ‍ॅटॅकची शक्यता दुपटीहून जास्त होती. निकोटीन तोंडातून रक्तात जातं, नाडी आणि बीपी वाढवतं. मळलेली तंबाखू, खर्रा, गुटखा, सगळं यात आलं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हे वाचकांना सांगायला नको.

आणि मशेरी. खेड्यांतल्या कितीतरी बायका तिला व्यसन मानतच नाहीत, ‘दात घासते’ एवढंच सांगतात. त्यामुळे डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं. मशेरी हे नाव घेऊनच विचारायला हवं. ती लावत असाल तर आपणहून सांगा.

सोडल्यावर हृदयाचा वाढीव धोका साधारण वर्षभरात निम्म्यावर येतो. एवढ्या झटपट फळ देणारं दुसरं औषध माझ्या माहितीत नाही. मदतीसाठी १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत फोनसेवा आहे.

बीपीची गोळी एकदा सुरू झाली की सुटत नाही म्हणे. मग सुरूच का करायची?

गोळीची सवय लागत नाही. बीपीचा आजार राहतो, म्हणून गोळी राहते. वजन उतरलं, मीठ कमी झालं, तर अनेकांचा डोस कमी होतो, काहींची गोळी बंदही होते. पण ते डॉक्टरांनी मोजून ठरवायचं. ‘बीपी नॉर्मल आलं’ म्हणून आपणच बंद करणं हा प्रकार मात्र रोजचा. नॉर्मल आलं ते गोळीमुळे.

वेगवेगळ्या दिवशी मोजून १४०/९० किंवा जास्त येत असेल तर उच्च रक्तदाब. घरच्या यंत्रावर १३५/८५ ही मर्यादा धरा. मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसा, लघवीला जाऊन या, अर्धा तास आधी चहा आणि तंबाखू नको, पाठ टेकलेली, हात छातीच्या उंचीवर, आणि मोजताना गप्पा नाहीत. जिना चढून आल्या आल्या पट्टा गुंडाळून घेतलेल्या आकड्याला अर्थ नाही.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण ते भाजीत मोजतो आणि ताटाच्या डाव्या बाजूला विसरतो: लोणचं, पापड, चटणी. शिवाय फरसाण, बेकरीची खारी, आणि कोकणात सुकट-बोंबील. सैंधव मीठही मीठच असतं, रंग गुलाबी असला तरी.

डायबेटिस असलेल्यांनी वेगळी काय काळजी घ्यावी?

मधुमेहात नसा बधिर होतात, त्यामुळे हृदयाचं दुखणं कळतच नाही असं होऊ शकतं. नुसता दम लागणं, अचानक गळून जाणं, दरदरून घाम, यालाच छातीत दुखल्यासारखं मानायचं. आणि शुगर आटोक्यात आहे एवढ्यावर थांबायचं नाही. मधुमेहींचा जीव बहुतेकदा हृदयविकार घेतो, म्हणून बीपी आणि कोलेस्टेरॉल तितकेच महत्त्वाचे. उपाशीपोटी शुगर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर) ५.७ ते ६.४ असेल तर ती मधुमेहाची उंबरठ्यावरची अवस्था. ‘बॉर्डरवर आहे’ म्हणून खूश व्हायची नव्हे.

कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट कसा वाचायचा?

एकूण कोलेस्टेरॉलकडे पाहू नका, एलडीएलकडे, म्हणजे वाहिन्यांत साठणाऱ्या ‘वाईट’ कोलेस्टेरॉलकडे पाहा. भारतीय कार्डिओलॉजिकल सोसायटीच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, कमी धोका असलेल्यांत एलडीएल १०० च्या आत, मधुमेह-बीपीसारखा जास्त धोका असेल तर ७० च्या आत, आणि अँजायना किंवा अ‍ॅटॅक आधीच झालेल्यांत ५५ च्या आत हवं. लॅबच्या छापील ‘नॉर्मल’च्या रकान्यात हा फरक नसतो. त्यामुळे अ‍ॅटॅक येऊन गेलेला माणूस एलडीएल ९५ पाहून निश्चिंत होतो, आणि तिथेच फसतो.

स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांबद्दल मोबाइलवर भीती फार पसरते. काहींचे स्नायू दुखतात, काहींची शुगर किंचित वाढते, हे खरं आहे. पण एलडीएल साधारण ३९ मिलिग्रॅमने उतरलं की अ‍ॅटॅक-पॅरालिसिससारख्या घटना जवळपास पाचव्या हिश्शाने घटतात. ज्याचा धोका जास्त, त्याच्यासाठी हा सौदा फायद्याचाच आहे.

तेल कोणतं चांगलं? आणि तूप?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि माझ्या मते सगळ्यात कमी महत्त्वाचा प्रश्न. ‘किती’ हा प्रश्न आधी यायला हवा. माणशी महिन्याला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पुरे. अनेक घरांत त्याच्या दुप्पट संपतं. घरी महिन्याला किती पिशव्या येतात ते मोजून पाहा, उत्तर तिथेच मिळेल.

शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, तीळ ही आपली तेलं चांगली, आणि आलटून-पालटून वापरलीत तर उत्तम. खोबरेल तेलात सुमारे ९० टक्के संपृक्त (एलडीएल वाढवणारी) चरबी असते. कोकणातल्या आमटीत ओलं खोबरं घालणं वेगळं आणि रोजचा स्वयंपाकच खोबरेलात करणं वेगळं. साजूक तूप वरणभातावर चमचाभर ठीक. ‘ते देशी गाईचं आहे’ म्हणून वाटीभर नाही.

टाळायचं ते वनस्पती तूप आणि पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ पासून ट्रान्स फॅटची (वनस्पती तुपातल्या घातक चरबीची) मर्यादा २ टक्क्यांवर आणली, ही मोठी गोष्ट झाली. पण गाडीवरच्या कढईतलं काळं तेल कोण तपासतं? वडापाव कधीतरी खा. रोज संध्याकाळी नको.

आणि शेंगदाण्यांना घाबरू नका. भाजलेले मूठभर, खारे नसलेले, रोज चालतील.

एकादशी, चतुर्थीच्या उपवासाने फायदा होतो का?

उपवास खरोखर कमी खाण्याचा असेल तर वजनाला मदत होईल. साबुदाणा खिचडी, वेफर्स, बटाट्याचा कीस आणि वर शिकरण असा असेल, तर त्या दिवशी तेल आणि पिष्टमय पदार्थ एरवीपेक्षा जास्त पोटात जातात. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपवासाआधी डोस विचारून घ्या.

बायकांना हृदयविकार कमी होतो, हे खरं का?

पाळी सुरू असेपर्यंत पुरुषांपेक्षा कमी. पाळी गेल्यावर ते संरक्षण ओसरतं. तंबाखू किंवा मधुमेह असेल तर त्याआधीही ते फारसं उरत नाही.

गरोदरपणात बीपी वाढलं होतं का, शुगर वाढली होती का, हे पन्नाशीतल्या बाईला कोणी विचारत नाही. विचारायला हवं. गरोदरपणात प्रीएक्लॅम्प्सिया (वाढलेल्या बीपीचा गंभीर आजार) झालेल्या स्त्रीला पुढे हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट असतो. बाळंतपणानंतर बीपी उतरलं आणि विषय संपला असं समजू नका; फाइल जपून ठेवा, दरवर्षी बीपी-शुगर पाहा.

स्त्रियांतही छातीत दुखणं हेच मुख्य लक्षण, पण त्याच्यासोबत दम, विलक्षण थकवा, मळमळ, जबडा किंवा पाठदुखी जास्त दिसते. घरात आईने ‘थकवा आलाय’ म्हटलं की सगळे ‘झोप जरा’ म्हणतात. कपडे वाळत घालताना पूर्वी लागत नव्हता तो दम आता लागत असेल, तर तपासून घ्या.

शेतात दिवसभर राबतो, घरातलं सगळं काम करते. वेगळा व्यायाम कशाला?

शेतात खरोखर अंगमेहनत असेल तर वेगळी गरज कमीच. पण आता नांगरट ट्रॅक्टरने होते, बांधापर्यंत मोटारसायकल जाते. आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालणं, हे साधं माप धरा. घरकामात पाय दुखतात, पण दम लागेल असं काम त्यात थोडंच असतं.

चाळिशीनंतर जिम किंवा मॅरेथॉनच्या नादाला लागण्याआधी बीपी, शुगर, लिपिड पाहून घ्या आणि वेग हळूहळू वाढवा.

ताणामुळे अ‍ॅटॅक येतो का?

ताण हा स्वतंत्र घटक आहे. शिवाय तोच माणसाला सिगारेटकडे, रात्रीच्या जेवणाकडे आणि दारूकडे ढकलतो. झोपेत मोठ्याने घोरून श्वास मध्येच अडकत असेल तर तो स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो आणि बीपी गोळ्यांना दाद न देण्याचं ते एक नेहमीचं कारण असतं. घोरणाऱ्याला हे माहीत नसतं. शेजारी झोपणाऱ्याला विचारा.

प्रतिबंध म्हणून रोज अ‍ॅस्पिरिन घेऊ का?

अ‍ॅटॅक, स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळी), बायपास यांपैकी काही झालेलं नसेल तर स्वतःहून नाही. पोटात आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका बहुतेकांत फायद्याएवढाच किंवा जास्त भरतो.

मला अँजायना आहे, प्लास्टी (अरुंद वाहिनी फुग्याने उघडणं) झाली आहे. आता जोखीम घटकांचं काय?

आता तर जास्त. स्टेंटने एक अरुंद जागा उघडली, थर साठण्याची क्रिया सगळ्या वाहिन्यांत चालूच असते. ‘प्लंबिंग झालं’ म्हणून गोळ्या सोडणाऱ्यांना दुसऱ्यांदा टेबलावर यावं लागतं. रक्त पातळ ठेवणारी गोळी तर दात काढायचा असला तरी विचारल्याशिवाय थांबवू नका.

सॉर्बिट्रेट ही अँजायनाची गोळी जवळ ठेवायला सांगितली असेल तर बसून जिभेखाली ठेवा. उभ्याने घेतली तर बीपी उतरून पडाल. पाच मिनिटांत दुखणं गेलं नाही तर १०८. लैंगिक ताकदीसाठी सिल्डेनाफिल जातीची गोळी घेतली असेल तर सॉर्बिट्रेट अजिबात नाही, आणि ही गोष्ट लाजून लपवू नका.

तपासण्या कधीपासून आणि कुठे?

पहिलं लिपिड प्रोफाइल १८ व्या वर्षी करावं असं २०२४ च्या त्याच सूचना सांगतात. बीपी आणि शुगर तिशीनंतर दरवर्षी. गावातल्या उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीपुढच्यांची बीपी-शुगर तपासणी मोफत होते. ‘फुल बॉडी चेकअप’च्या सत्तर चाचण्यांपेक्षा बीपी, शुगर, लिपिड आणि एक टेप यांत हृदयापुरतं जवळपास सगळं येतं.

लसूण, आलं, लिंबू, व्हिनेगर आणि मधाच्या काढ्याने ब्लॉकेज निघतं का?

नाही. भिंतीत रुतलेला, काही ठिकाणी चुन्यासारखा कडक झालेला थर काढ्याने विरघळत नाही. चवीला हवा तर घ्या, पण त्यातला मध मधुमेहींनी मोजावा, आणि त्याच्या भरवशावर बायपासची तारीख पुढे ढकलू नये. एकटे असताना अ‍ॅटॅक आला तर जोरजोरात खोका, हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा निरोपही पुढे पाठवू नका. खोकण्यात जाणारी मिनिटं १०८ ला फोन लावण्यात आणि दाराची कडी काढून ठेवण्यात घालवा.